गळतीचा सातबारा

नीरा डाव्या कालव्याचं अस्तरीकरण करावं, म्हणजे त्याच्या तळाला आणि काठांना काँक्रीटचं अस्तर द्यावं, की नाही, यावर बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गेली काही वर्षं हमरीतुमरी चालली आहे. सगळे बोलतात गळतीबद्दलच, पण प्रत्येकाची गळती निराळी असते. जलसंपदा खात्याच्या वहीत ती तूट असते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला ती त्याच्या विहिरीचा झरा वाटते. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला बसलेल्या शेतकऱ्याच्या हिशेबी ते त्याच्या वाट्याचं, वाटेतच जिरलेलं पाणी असतं. गंमत अशी की तिघेही खरं सांगतात.

कालवा दुरुस्त करायला हवा, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. 1876-78 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ आखलेला आणि 1885 मध्ये वाहता झालेला हा कालवा. त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं जुनं धरणसुद्धा मागाहून पुरं झालं. वीरजवळून निघून पुरंदर, बारामती करत तो इंदापुरात पोचतो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. कोरड्या मुलखातली ज्वारी-बाजरी दुष्काळात जगवावी एवढ्यासाठी तो काढला होता. त्यावर पुढे ऊस आला, गुऱ्हाळं आली, साखर कारखाने आले. मूळच्या आखणीत नसलेलं ओझं हा मातीचा पाट शंभर वर्षांहून जास्त काळ वाहतो आहे. 2025 च्या मे महिन्यात अवकाळी अतिवृष्टी झाली तेव्हा बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ तो फुटला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ‘कालवा आहे तसाच राहू द्या’ असं सांगायला कुणी जाऊ नये.

म्हणून वाद दुरुस्ती करावी की नाही हा नाही, कशी आणि कुठे करावी हा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सरसकट काँक्रीटचं अस्तर हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी विचार केलेला पर्याय आहे. कालव्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची दुरुस्ती वेगळी ठरवायला हवी, पहिला पैसा मुख्य कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्यांवर खर्च व्हायला हवा, आणि विहिरींत मुरणारं पाणी कुणाचं याची लेखी नोंद झाल्याशिवाय खोदाईतल्या, म्हणजे जिथे कालवा जमिनीत खोदलेला आहे त्या लांबीवर काँक्रीटची एक गाडीही रिकामी होऊ नये.

तुकडे पाडायचे ते कशाच्या आधारावर? दख्खनचा कालवा समपातळी रेषेला धरून, डोंगराच्या अंगाअंगानं जातो. बहुतेक लांबीत तो जमिनीत खोदलेला असतो. ओढा, नाला, खोलगट भाग आला की मात्र भराव टाकून त्याला उचलून न्यावं लागतं. या दोन जागी गळतीचा अर्थ पार बदलतो. भरावातली गळती म्हणजे धोका. आधी पायथ्याला ओल दिसते, मग झिरप गढूळ होते. गढूळ झाली की भरावातली माती वाहून चालली आहे असं समजायचं. पुण्यात 27 सप्टेंबर 2018 रोजी जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत गेली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत संसार वाहून गेले. घुशी, उंदीर, खेकड्यांनी कालवा पोखरला, असं तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन म्हणाले, तर त्यांची यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी जुना भराव जवळून पाहिलेला नसावा. घुशी खरंच पोखरतात. फक्त त्यांची बिळं वेळेवर बघून बुजवायला माणूस लागतो, आणि ती पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

खोदाईतली गळती वेगळी. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ, असा आपल्याकडचा थर. काळ्या मातीतून पाणी सहसा हलत नाही, पण कालव्याचा तळ मुरमाला लागला की ते आडवं सरकत जातं आणि खालच्या बाजूच्या विहिरींत उतरतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की काही दिवसांत विहिरीची पातळी वर येते, आवर्तन बंद झालं की हळूहळू उतरते. हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही. मोटार किती तास चालली यावरून घरातलं पोरगंही सांगतं. या पाझरावर फळबागा उभ्या आहेत, गोठे उभे आहेत, कित्येक गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीही त्यावरच आहेत. ‘अस्तरीकरण झालं की आमच्या विहिरी आटतील’ हे शेतकऱ्यांचं म्हणणं आडमुठेपणाचं आहे असं ज्या साहेबांना वाटतं, त्यांनी आवर्तनाच्या आधी आणि नंतर चार विहिरींत दोरी सोडून बघावी.

तिसराही प्रकार आहे आणि तो आज कुणाच्याच भाषणात नसतो. नीरेच्या खोऱ्यात कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली नाहीत तोच सखल जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1910 मध्ये या खारवट जमिनींवर अहवालच प्रसिद्ध केला. पुढे इंग्लिस या इंजिनिअरनं दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि चर खोदायचा तर तो मुरमापर्यंत नेला पाहिजे, वरवर काळ्या मातीत खोदून पाणी निघत नाही, हे दाखवून दिलं. म्हणजे ज्या पाझरासाठी आज मोर्चे निघतात, त्याच पाझराला तेव्हाचे शेतकरी शिव्या देत होते. मधल्या काळात विहिरींवर मोटारी बसल्या आणि उपसा वाढला, म्हणून शाप होता तो वर झाला. पण सगळीकडे झाला नाही. क्षारपड पट्टे आजही आहेत आणि तिथे गळती थांबवणं, निचऱ्याचे चर पुन्हा उकरणं हे सरळसरळ शेतकऱ्याच्या हिताचं आहे. त्या तुकड्यात अस्तराला विरोध करणं मला पटत नाही.

आता ‘वाचलेलं पाणी’ या लाडक्या शब्दप्रयोगाकडे येऊ. अस्तरीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात इतकं इतकं पाणी वाचेल, असं लिहिलेलं असतं. वाचेल म्हणजे नेमकं काय होईल? बाष्पीभवन होऊन जाणारं पाणी अस्तरानं वाचत नाही. उघड्या कालव्यावर ऊन पडतच राहतं. अस्तर अडवतं ते जमिनीत जाणारं पाणी. त्यातलं काही क्षारपड रानात जाऊन खरोखर वाया जातं. बाकीचं विहिरींतून पिकाला मिळतं किंवा ओढ्यानाल्यांतून पुन्हा नीरेत उतरतं आणि खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवले आणि वर सिंचनातून नदीत परत येणाऱ्या पाण्यापोटी 25 टीएमसीची भर धरली. राज्यांच्या भांडणात जे पाणी असं वेगळं मोजलं जातं, ते एका कालव्याच्या अंदाजपत्रकात ‘नुकसान’ कसं होतं? पुष्कळदा वाचलेलं पाणी म्हणजे एकाच्या विहिरीतून काढून दुसऱ्याच्या चारीत घातलेलं पाणी. तसं करायला हरकत आहे असं नाही. टेलच्या माणसाचा हक्क मोठा ठरत असेल तर करावंही. पण मग त्याला बचत म्हणू नये, फेरवाटप म्हणावं, आणि फेरवाटप करताना दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावं.

असं न केल्यावर काय होतं, याचा धडा जगात गिरवून झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या इंपिरियल खोऱ्याला कोलोरॅडो नदीचं पाणी नेणारा ऑल-अमेरिकन कालवा मेक्सिकोच्या सरहद्दीला खेटून जातो. वाळूतून तो भरपूर गळायचा आणि ते पाणी सरहद्दीपलीकडे मेहिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींत जायचं. त्यावर त्यांनी अनेक दशकं शेती केली. मग अमेरिकेनं 37 किलोमीटर लांबीत त्याशेजारी काँक्रीटचा नवा कालवा बांधला. वर्षाला वाचणारं पाणी आपल्या मापात 3 टीएमसीच्या जवळपास, आणि त्यातलं बरंचसं सॅन डिएगोच्या शहरी नळांना. मेक्सिकोकडचे लोक अमेरिकेच्या कोर्टात गेले. खटला चालू असतानाच अमेरिकी संसदेनं 2006 मध्ये एका कर-कायद्यात कलम घुसवून काम पुढे रेटलं. 2009 मध्ये कालवा पुरा झाला. तिथे निदान दोन देश होते, म्हणून आरडाओरडा जगाला ऐकू गेला. इथे वरचा आणि खालचा शेतकरी एकाच कारखान्याचे सभासद असतात, त्यांची सोयरीक असते, आणि भांडण घरातच मिटवा म्हणून दोघांनाही गप्प बसवता येतं.

आपल्याकडे पाणी सहीनिशी इकडचं तिकडे होतं, हे या भागाला नव्यानं सांगायची गरज नाही. नीरा देवघर धरणाचं जादा पाणी डाव्या कालव्याला जात होतं. 2019 मध्ये सरकारनं ते थांबवून उजव्या कालव्याकडे, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे वळवलं. पुढे सरकार बदललं आणि 2020 मध्ये निर्णयही फिरला. त्यात बरोबर कोण, चूक कोण, हा या लेखाचा विषय नाही. मात्र अस्तरीकरणानं मोकळं होणारं पाणी टेललाच जाईल, अशी नुसती तोंडी ग्वाही कुणी देत असेल तर तिच्यावर विसंबायला माणूस फारच भोळा असला पाहिजे. इंदापूरच्या शेवटच्या बावीस गावांचा पाणीप्रश्न किती निवडणुकांत सुटला आणि तरी शिल्लक राहिला, ते तिथलीच माणसं सांगतील. नवी एमआयडीसी, वाढतं शहर, एखादी नवी उपसा योजना यांपैकी कुणीही त्या पाण्यावर डोळा ठेवून बसलेलं असू शकतं.

या सगळ्याला आधार द्यायचा तर कायद्यातच शोधावा लागेल, आणि तो शोधताना एक जुनं कलम हाती लागतं. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात अशी तरतूद होती की कालवा सुरू झाल्यानंतर त्याच्यापासून 200 यार्डांच्या आत कुणी विहीर खोदली आणि तिला कालव्याच्या पाझराचं पाणी लागलं, तर त्या जमिनीवर पाणीपट्टी आकारता येईल. इंग्रजांचा हेतू अर्थातच वसुलीचा होता, परोपकाराचा नव्हता. तरीही त्या कलमानं एक गोष्ट मान्य केली होती: पाझर हाही पुरवठाच आहे, त्याला मोल आहे आणि तो कुणाला मिळतो ते मोजता येतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकार ज्याला पुरवठा समजून पैसे मागू शकत होतं, त्याच पाण्याला आज ‘तुझा त्यावर काही हक्क नव्हता’ म्हणणं हे सोयीचं आहे, न्यायाचं नाही.

म्हणून गळतीचा सातबारा काढा, असं माझं म्हणणं आहे. कालव्याच्या खालच्या अंगाला पाचशे मीटरच्या पट्ट्यातल्या विहिरी मोजा, त्यांचा नकाशा करा, दोन-तीन आवर्तनं पातळी नोंदवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला हे काम नवं नाही, आणि 2009 च्या भूजल कायद्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहेच. कोणत्या किलोमीटरमध्ये पाझर विहिरींना जातो, कुठे नुसता रानात साचतो, कुठे भरावाचा पाया भिजवतो, हे त्यातून उघड होईल. मग ज्या विहिरी पाझरावर आहेत त्यांनी पाझराचे थोडेफार पैसेही भरावेत, हे मी त्यांच्या रोषाची तयारी ठेवून लिहितो. कारण आजची गळती न्याय्य आहे असंही नाही. ज्याच्याकडे विहीर आहे, मोटार आहे, विजेचं कनेक्शन आहे, त्यालाच ती मिळते. शेजारच्या बिनविहिरीच्या एकरभर रानाला ओलाही लागत नाही. वरचा बागायतदार आधी चारीचं पाणी घेतो, मग विहिरीतून तेच पाणी दुसऱ्यांदा घेतो, आणि टेलच्या वाट्याला आवर्तन पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. विहिरीतल्या पाण्याचा हिशेब धरला तर त्याच्या चारीच्या कोट्यातून तेवढं कमी करता येईल आणि ते खाली सोडता येईल. काँक्रीट न ओतता टेलला पाणी देण्याचा हा मार्ग आहे. तो स्वस्त आहे, पण त्यात कुणाला तरी नाराज करावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या पाणी वापर संस्थांनी 1990 च्या दशकापासून काहीशी हीच वाट धरली. पाणी मोजून घ्यायचं, वाटप आपण करायचं, नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून ते विहिरींत मुरवायचं आणि कालवा-विहीर मिळून एकच हिशेब धरायचा. प्रकल्प लहान आहे, माणसं खमकी आहेत. नीरेवर ते जसंच्या तसं उचलून ठेवता येणार नाही. पण 2005 च्या कायद्यानं राज्यभर पाणी वापर संस्थांना जे अधिकार दिले, त्यांचा निदान एवढा उपयोग करायला हरकत काय?

चाऱ्यांबद्दल मी आधी पैसा म्हणालो त्याचं कारण सांगतो. मुख्य कालव्यावर मंत्री येतात, फोटो निघतात. चारीवर कुणी येत नाही. कोणत्याही जुन्या वितरिकेवरून अर्धा दिवस चालून बघा. आउटलेटचं लोखंडी दार कधीच गेलेलं असतं; त्या जागी गोणपाटात माती भरून, वर बाभळीचा फेसाटा दाबून पाणी अडवलेलं. मोजमापाचं साधन गाळात बुडालेलं किंवा कुणीतरी मुद्दाम फोडलेलं. कालव्याच्या काठावरून रबरी नळ्यांचे डोंगळे पाण्यात सोडलेले, दिवसाढवळ्या. पोटचारी तर पुष्कळ ठिकाणी नांगरून रानात घेतलेली, कागदावर तेवढी शिल्लक. पूर्वी पाटकरी हातात खोरं घेऊन रात्रीच्या पाळीला फिरायचा. आता एका माणसाकडे चार-पाच जणांचं काम असतं आणि तो फिरणार तरी किती? मुख्य कालव्यातून थेंबही गळला नाही तरी पाणी या चाळणीतूनच जायचं आहे. इथली दारं बसवली, मापं बसवली, नंबरानं पाळी पाळली, तर टेलला दिसेल असा फरक मुख्य कालव्याच्या अस्तराच्या कितीतरी आधी पडेल.

चाऱ्यांसाठी बंदिस्त नळांचा पर्याय मला बराचसा पटतो. नळ मीटरभर खाली गाडला की वरून नांगर चालतो, त्यामुळे चारी बळकावायचं कारणच उरत नाही. डोंगळा टाकता येत नाही. मुख्य कालव्याच्या विसर्गाला मात्र असे नळ परवडणारे नाहीत, आणि जुन्या कालव्याचं गाळानं भरलेलं पाणी नळात सोडायचं तर आधी गाळ बसवायची सोय हवी, नाहीतर दोन वर्षांत जमिनीखाली गाडलेली चारी झाली म्हणायची. पुण्यासाठी खडकवासला ते फुरसुंगी असा बोगद्याचा प्रस्ताव मंजूर झाला आहे. तिथे कालवा दाट वस्तीतून जातो, विहिरींचा प्रश्न नावालाच आहे आणि फुटल्यावर काय होतं ते 2018 मध्ये दिसलंच. तिथे बोगदा योग्य असेल. ते उदाहरण बारामतीला दाखवू नये एवढंच.

आणि अस्तर करायचंच तर ते टिकेल कसं, हेही बघायला हवं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की पहिल्या-दुसऱ्या वर्षात तावदानं उचलली जातात, सांध्यांतून गवत डोकं काढतं, आणि मग ‘अस्तरित’ म्हणून नोंद झालेला कालवा पुन्हा गळू लागतो. म्हणून आधी न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. बाहेरच्या भूजलाचा दाब काढून द्यायला भोकं ठेवावी लागतात. ही कामं बिलात दिसतात, कालव्यात नेहमी दिसतीलच असं नाही. त्यात दोन आवर्तनांच्या मधल्या सापटीत, ऐन उन्हाळ्यात घाईघाईनं काम उरकायचं असतं. काँक्रीटला पुरतं पाणी मारून होण्याआधीच वरून पाणी सोडायची वेळ येते. शिवाय गुळगुळीत उतारावरून घसरलेली गाय किंवा पोर वर येऊ शकत नाही. मातीच्या काठाला निदान धरायला मूळ असतं. ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि दोर ही फुटकळ बाब समजली जाते. नसावी.

‘हे सगळं मोजत बसलात तर तोवर कालवा फुटेल,’ असा आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. म्हणून भरावाच्या लांबीसाठी कुणाची वाट बघू नये. ओढ्यांवरचे भराव, जुन्या मोऱ्या, जलसेतू, अतिवृष्टीत पाणी बाहेर काढून द्यायची एस्केपची दारं ही कामं याच उन्हाळ्यात घ्यावीत, तिथे अस्तर द्यायचं तर द्यावं. त्या लांबीत विहिरींचा वाद मुळात कमी असतो. क्षारपड पट्ट्यांत निचरा आणि अस्तर बरोबरीनं. उरलेल्या खोदाईच्या लांबीत दोन पावसाळे मोजणी चालू द्यावी आणि त्या काळात तिथला पैसा चाऱ्यांकडे वळवावा. मोजणीचे आकडे दर आवर्तनानंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत किलोमीटरवार यादी ठेवावी आणि प्रत्येक किलोमीटरसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: इथे गळती कुणाला मिळते, अस्तर केलं तर ते पाणी कोणत्या चारीला जाईल, आणि ज्याची विहीर उतरेल त्याला बदल्यात चारीचा किती कोटा मिळेल. तिसऱ्या रकान्यात आकडा नसेल त्या किलोमीटरची निविदा काढू नये.